आता पुढचं तुमचं तुमी

देवानं माणसाला दोन हात कशाला दिले, याबद्दल आमच्या मालकांच्या मनात कधी शंका नव्हती. झटकायला.

मालक म्हणजे माझ्या दुकानाचे मालक. घोडेगावात एसटी स्टँडच्या अलीकडं त्यांचे चार गाळे होते, त्यातल्या एकात माझं सीट कव्हरचं दुकान. माणूस दिसायला रुबाबदार. कडक इस्त्रीचा सदरा, टोपीची धार अशी की तिच्यानं कलिंगड कापावं, आणि मिशी एवढी ऐसपैस की एका वर्षी चिमण्यांनी जागा बघून ठेवली होती. लग्नसराई आली आणि मालक सारखे मिशीला पीळ द्यायला लागले, म्हणून त्या दुसरीकडं गेल्या. पण हे सगळं नंतर दिसायचं. आधी दिसायचे ते हात. कुठलंही काम अंगाशी यायच्या बेतात आलं की मालक दोन्ही तळवे एकमेकांवर दोनदा आपटायचे, पीठ झाडल्यासारखे, आणि म्हणायचे, "आता पुढचं तुमचं तुमी."

आंबेगाव तालुक्यात ज्याला मालकांनी हात लावला नाही असं काम नव्हतं, आणि ज्यात तो हात शेवटपर्यंत टिकला असंही काम नव्हतं.

त्यांना पाणी बघता यायचं. म्हणजे जमिनीतलं. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते शेतातनं चालायचे, आणि पाण्याची जागा आली की नारळ उभा राहायचा. मी स्वतः पाहिलंय. नारळ असा ताडकन उभा राहायचा की एखाद्याला वाटावं तलाठी आले. मालक त्या जागेवर काठी रोवायचे, बोअरच्या गाडीवाल्याला खुणावायचे, आणि यंत्राचा पहिला घरघराट ऐकू आला की हात झटकून मोकळे. एकदा चास गावाकडच्या एका शेतकऱ्याच्या बोअरमधून तीन दिवस नुसता धुरळा निघाला. तो बिचारा विचारायला आला.

"मालक, पाणी कुटंय?"

"म्या काय सांगितलं व्हतं? नारळ हितं उभा राहिला, एवढंच ना? राहिला का न्हाई?"

"राहिला."

"मग झालं. पाणी हाय असं नारळ बोलला का?"

शेतकरी नारळाकडं बघत राहिला. नारळ काही बोलला नाही. काकूंनी त्याच नारळाची दुसऱ्या दिवशी चटणी केली, त्यामुळे साक्षीदारही संपला.

काकू म्हणजे मालकांच्या मंडळी. त्यांनी नवऱ्याला लग्नानंतर ओळखलं हे त्यांचं दुर्दैव, पण ओळखलं ते मुळापासून. "आमच्याकडं बिबट्या आला तरी यांचा काय दोष नसतो," असं त्या चारचौघांत सांगायच्या. आणि बिबट्या खरंच आला होता. जुन्नर-आंबेगावात बिबट्या येण्याचं कुणाला कौतुक नाही, तुमच्याकडं कुरिअरवाला येतो त्याहून आमच्याकडं तो जास्त नेमानं येतो. तर तो आला, गोठ्यातली शेळी घेऊन गेला, आणि सकाळी मालक अंगणात उभे राहून सगळ्या गल्लीला सांगत होते की दार त्यांनी लोटलं होतं, कडी लावणं हा पुढचा भाग होता. पुढचा भाग काकूंचा. काकूंनी विचारलं, "आन शेळी कुणाची व्हती?" मालक म्हणाले, "व्हती तवर माजी."

लग्नं जमवण्यातही त्यांचा हातखंडा. मुलगा किती शिकलाय, मुलगी किती गुणाची, दोन्हीकडं छातीवर हात ठेवून सांगायचे. हात छातीवर असायचा तो मंगलाष्टकं संपेपर्यंत. अंतरपाट खाली यायला आणि मालकांनी हात झटकायला एकच गाठ पडायची. "आता पुढचं तुमचं तुमी." पुढं मुलाची नोकरी हंगामी निघो, नाहीतर मुलीला स्वयंपाक येत नसो, मालक तोवर पंगतीत दुसऱ्या वाढपाला बसलेले असायचे.

माझ्या दुकानाचं छत गळायचं. मी तक्रार केली तर म्हणाले, "पाणी वरनं येतंय. म्या खाली राहतो." पण हेही मी मनावर घेतलं नसतं. मनावर घेतली ती काचेची शोकेस. नवी शोकेस टेम्पोतून उतरवायची होती, हमाल मिळाला नव्हता, मालक स्वतः बाही सारून पुढं झाले. एक टोक त्यांच्या हाती, एक माझ्या. पायरीपर्यंत आम्ही बरोबर आलो. पायरीवर वजन त्यांच्या बाजूला झुकलं. मला वाटलं आता दम धरतील. मालक माझ्याकडं बघून अतिशय सभ्यपणे म्हणाले, "आता पुढचं तुमचं तुमी," आणि सोडलं.

माझ्या डाव्या अंगठ्याचं नख तेव्हापासून काळं आहे. शोकेसची काच मात्र फुटली नाही, आणि याचं श्रेय मालकांनी घेतलं, कारण त्यांनी वेळेवर सूचना दिली होती.

अशा माणसाच्या आयुष्यात एके दिवशी स्वतःहून चालणारी गाडी आली.

शोरूमच्या साहेबानं त्यांना गाडीत बसवून सांगितलं, "काका, आपण फक्त बसायचं. वळण, ब्रेक, समोरची गाडी, सगळं ही बघते." काकू सांगतात, ते ऐकून मालकांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. राहणारच. जन्मभर ज्याच्या शोधात होते ते चार चाकांवर समोर उभं होतं, आणि त्याला सनरूफही होतं. गाडीच्या आत एक बाई हिंदीतून बोलायची, फार मऊ आवाजात. सीट बेल्ट लावा, पुढं वळण आहे, दार नीट लागलेलं नाही. मालक तिला उत्तर द्यायचे. काकूंशी ते इतक्या अदबीनं कधी बोलले नव्हते.

सीट कव्हर बसवायला गाडी माझ्याकडं आली तेव्हा मी सहज विचारलं, "मालक, हिनं कुणाला ठोकलं तर?"

"तर हिनं ठोकलं. म्या कुटं चालवत व्हतो?"

"आणि ही म्हणाली, मालकांनी ठोकलं तर?"

"ती कशाला म्हणंल? ती काय माणूस हाय का दुसऱ्यावर ढकलायला?"

मी माझ्या अंगठ्याकडं बघितलं आणि सुई ओवली.

त्या वर्षी मालकांच्या पुतण्याचा साखरपुडा ठरला. मुलगी पारगावच्या बाजूची, मध्यस्थ अर्थातच मालक. मांडव उसाच्या रानालगत, मोकळ्या वावरात. आमच्याकडं असं कार्य असलं की रस्त्यापासून मांडवापर्यंत दोन्ही अंगांनी फक्कीच्या रेघा मारतात. फक्की म्हणजे मैदान आखायला वापरतात ती पांढरी पूड. पाहुणा चुकू नये, आणि आपलं स्वागत झालं असं त्याला वाटावं, दोन्ही कामं एका पोत्यात होतात. आदल्या दिवशी मालक जातीनं उभे होते, मीही होतो. मांडववाला म्हणाला, "काका, डांबरावर नको, कच्च्या वाटेपासनं सुरू करू. डांबरावर आधीच पट्टा हाय." मालक म्हणाले, "डांबरावरनंच वळीव. त्याच पट्ट्याला जोडून घे. अशी रेघ मार की आंधळा बी मांडवात आला पायजे."

मांडववाल्यानं मारली. रेघ इतकी देखणी होती की सरकारी पट्टा तिच्यापुढं गरीब दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. पुढं मालक, शेजारी मी, मागं काकू आणि साखरपुड्याची ताटं. मंचर ओलांडलं, वाहनं कमी झाली आणि मालकांनी स्टेअरिंग सोडलं. खिशातून अडकित्ता काढला आणि सुपारी कातरायला घेतली. गाडी आपली चालली होती, रेघेच्या आत, शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या पोरीसारखी. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं की हे बरं आहे. रस्त्याच्या कडेनं ऊस घेऊन कारखान्याकडं निघालेल्या बैलांच्या टायरगाड्या दिसत होत्या, त्यांच्यावर मोळ्यांच्या शेंड्यांत गाडीवान झोपलेले. मालक त्यांच्याकडं बोट करून म्हणाले, "बघा. आपलं आन त्यांचं एकच."

तेवढ्यात कालची रेघ आली.

गाडीला जन्मापासून एकच शिकवलेलं, पांढऱ्या रेघेच्या आत राहायचं. सरळ जाणारा सरकारी पट्टा पुसट होता, मालकांचा ठसठशीत. गाडीनं ठसठशीत निवडला आणि वेग न सोडता कच्च्या वाटेला वळली.

"मालक, स्टेअरिंग धरा," मी म्हणालो.

"घाबरू नका राव. रेघ आपलीच हाय."

वाटेच्या तोंडाशी एक भरलेली टायरगाडी थांबली होती. पाहुण्यांच्या गाड्या आत येत होत्या म्हणून बैल आपले आपण बाजूला उभे राहिले होते, कासरा कुणी ओढला नव्हता. ओढणार कोण, गाडी हाकणाऱ्या शेवंताबाई वर उसावर गाढ झोपलेल्या. गाडी सरळ बैलांकडं निघाली. तिला तो ऊस उभं रान वाटलं की काय, देव जाणे. आणि अगदी शेवटी, डोळ्याचं पातं लवायच्या आत, ती आतली बाई नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाली, "कृपया नियंत्रण लें."

मालकांच्या एका हातात अडकित्ता होता, दुसऱ्या हातात सुपारी.

ठोकर बसली. जू मोडलं, अलीकडच्या बैलाचा खांदा सोलून निघाला, पुढचा पाय लचकला, आणि शेवंताबाई एका मोळीसकट आमच्या बॉनेटवर उतरल्या. त्यांना खरचटलंही नाही. त्यांनी काचेतून आत बघितलं, मालकांच्या हातातला अडकित्ता बघितला, आणि पहिलंच वाक्य बोलल्या, "सुपारी खायला आलाव व्हय?"

मग त्या खाली उतरून बैलाकडं वळल्या. बैलाचं नाव हौश्या. ऊसतोडीला आलेलं हे जोडपं, नवरा रानात तोडायचा आणि शेवंताबाई गाडी कारखान्यावर न्यायच्या. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी खांद्यावर हात फिरवला आणि सांगितलं की या हंगामात याच्या मानेवर जू ठेवायचं नाही. बैल जोडीनं चालतो. एक बसला की गाडी बसते, आणि गाडी बसली की मुकादम दुसरी जोडी बोलावून घेतो आणि तुम्हाला गावाकडं वाटेला लावतो. हंगाम अजून अर्धासुद्धा झाला नव्हता. शेवंताबाईंना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या हौश्याच्या मानेला हात लावून उभ्या राहिल्या.

नियाव, म्हणजे निवाडा, बसला तो साखरपुड्याच्या मांडवातच. खुर्च्या मांडलेल्या होत्याच, माणसंही जमलेली होती. हवालदार आले. त्यांना जिलबीचा वास आधी आला आणि अपघात नंतर दिसला, त्यामुळे घाई होती. शोरूमचा साहेब तासाभरात लॅपटॉप घेऊन हजर झाला. माणूस दगावायला टेकला तरी त्याचा डॉक्टर येत नाही, पण बंपर फुटला की गाडीचा डॉक्टर इतक्या लवकर येतो, हे मी पहिल्यांदा बघितलं.

हवालदारांनी कागद काढला. "चालक कोण व्हता?"

मालक म्हणाले, "गाडी आपली आपण चालली व्हती."

शोरूमचा साहेब हसला. "काका, आपण असं कधी म्हटलंच नव्हतं. ही फक्त मदत करते. चालक म्हणजे चालकच."

"तुमी म्हनाला व्हता, आपण फक्त बसायचं."

"सावध बसायचं, काका."

"मग सावध हा शब्द कुटं गेला व्हता तवा?"

साहेबानं लॅपटॉप फिरवला. गाडीत एक डबा असतो म्हणे, जे घडतं ते सगळं त्यात उतरतं. त्यानं दाखवलं की ठोकर बसली तेव्हा गाडी स्वतः चालवतच नव्हती. त्याच्या अगदी आधी तिनं नियमाप्रमाणं सूचना देऊन ताबा चालकाकडं सोपवला होता. "म्हणजे अपघाताच्या वेळी सिस्टीम बंद होती. कंपनीचा संबंध येत नाही. शिवाय ती पांढरी रेघ बेकायदेशीर आहे, ती कुणी मारली ते बघा."

मांडववाला लगबगीनं पडद्यामागं गेला. त्याला कुणीतरी ओढून आणलं. तो मालकांकडं बघत म्हणाला, "मला सांगितलं तशी मारली." कुणी सांगितलं ते तो बोलला नाही. मांडवाचे पैसे मालकांकडून यायचे होते, त्यामुळे त्याची स्मरणशक्ती तिथंच थांबली. मीही तिथंच होतो, आणि मला कुणी विचारलं नाही.

हवालदारांनी पेन कानावर ठेवलं. "हे बघा, हितं चालकाचं एकच नाव बसतं. बाई, तुमची गाडी हुबी व्हती तवा तुमी काय करत व्हता?"

"झोपले व्हते."

मांडवात एकदम हायसं झालं. मी डोळ्यांनी बघितलं, शे-दीडशे माणसांनी एका वेळी श्वास सोडला. साहेबानं लॅपटॉप मिटला, मांडववाला सरळ उभा राहिला, हवालदारांनी कानावरचं पेन खाली घेतलं. गुन्हेगार सापडला होता, आणि कबूलही होता.

"लिवा की," शेवंताबाई म्हणाल्या. "म्या झोपले व्हते. बैल माजे हायेत. त्यांनी कुणाचं वावर खाल्लं, कुणाचा बांध मोडला, तर म्या झोपेत व्हते असं म्या कदी म्हनत न्हाई. उठून निस्तरते. गाडीवानाचं तसंच असतं. लिवा माजं नाव. पर मग त्या गाडीतल्या बाईचं बी लिवा. ती तर जागी व्हती."

"अहो, ती बाई न्हाई. मशीन हाय."

"मग मशीनचा गाडीवान कोन?"

हवालदार साहेबाकडं बघायला लागले, साहेब लॅपटॉपकडं. खात्री पटावी म्हणून साहेबानं लॅपटॉप पुन्हा उघडला आणि डब्यातला आवाज मोठ्यानं लावला. "ऐका, सूचना दिली होती." मांडवाच्या कर्ण्यावाल्या पोऱ्यानं नको तेवढ्या उत्साहानं त्यापुढं माईक धरला. अख्ख्या वावरात ती मऊ बाई बोलली, "कृपया नियंत्रण लें." मग लगेच ठोकर, आणि बैलाचं ओरडणं.

काकू मागच्या रांगेतून म्हणाल्या, "ऐकलंत? तुमचीच बहीण हाय आत."

लोक हसले. मीही हसलो, माझा अंगठाही हसला असेल. मालक हसले नाहीत. ते खुर्चीवरून उठले. मला माहीत होतं आता काय होणार. त्यांनी काही करायचंच नव्हतं. बाईंनी कबुली दिली होती, कंपनी मोकळी होती, मांडववाल्याला आठवत नव्हतं. फक्त तळवे आपटायचे आणि पुढचं बाईंवर सोडून जेवायला बसायचं. त्यांचे दोन्ही हात वर आलेसुद्धा.

ते तसेच राहिले. एकमेकांवर पडलेच नाहीत. मालक स्वतःच्या तळव्यांकडं असे बघत होते जणू त्यांवर कुणी नारळ ठेवून गेलाय आणि तो उभा राहिलाय.

"बाईचं नाव लिवू नका," ते म्हणाले.

"मग कुणाचं लिवू?"

"गाडी माजी. आन रेघ बी म्याच मारायला लावली, डांबरावरनं. ह्यो नको म्हनत व्हता. लिवा माजं नाव."

हवालदारांनी दोनदा विचारलं. साहेब म्हणाला, "काका, घाई करू नका, विमावाल्यांशी बोलू." मालक म्हणाले, "ते मागनं." काकू मागं बसल्या होत्या त्या पुढं आल्या आणि नवऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.

आता तुम्हाला वाटेल की मालक बदलले. माझ्या गाळ्याचं छत आजही गळतं. पण हौश्याचं औषधपाणी त्यांनी स्वतःच्या गोठ्यात केलं, शेळी गेली तिथंच, आणि कडी आता ते स्वतः लावतात. एवढ्यावर भागलं असतं. पण मुकादम शेवंताबाईंना घालवायला निघाला तेव्हा मालकांनी घराच्या मागं गंजत पडलेला ट्रॅक्टर बाहेर काढला, त्याला ट्रॉली लावली आणि बाईंचा ऊस कारखान्यावर स्वतः न्यायला लागले. ड्रायव्हर ठेवला नाही. हंगाम संपेपर्यंत शेवंताबाई वर उसावर बसून त्यांना हाका मारत असायच्या. "मालक, म्होरं बगा. मालक, खड्डा. तुमच्या भरवशावर डोळा लागत न्हाई हो मला. बैल बरे व्हते."

पारगावला मी सीट कव्हर पोचवायला गेलो होतो तेव्हा कारखान्याच्या रांगेत ते दिसले. टोपीवर धूळ, मिशीत उसाचं पाचट. मी पलीकडून ओरडलो, "रामराम मालक."

त्यांनी नुसती मान हलवली. दोन्ही हात स्टेअरिंगवर घट्ट होते. ट्रॅक्टर केव्हाचा उभा होता आणि इंजिन बंद होतं.